मोटारीचा पहारेकरी आणि आपले डोळे

वाशीमकडून हिंगोलीवरून नांदेडास जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ चौपदरी झाल्यापासून आमच्या जिल्ह्यांतील प्रवासाचें रूप पालटलें आहे. त्या रस्त्यावरून नव्या मोटारी धांवूं लागल्या आणि त्यांच्याबरोबर एक नवें वाक्यहि आमच्या कानीं पडूं लागलें. शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकापाशीं उभे असलेले पालक एकमेकांस सांगत असतात, "आमच्या गाडीला सेन्सर आहे. समोर कांहीं आलें कीं गाडी आपण होऊन ओरडते." हें ऐकून आम्हांस आनंद होतो, तशी थोडी धास्तीहि वाटते. आनंद अशासाठीं कीं, मनुष्याच्या बुद्धीनें मनुष्याचा जीव वांचविण्याचें एक साधन निर्माण केलें आहे. धास्ती अशासाठीं कीं, या वाक्यांत सत्य आहे तें अर्धेंच आहे. आणि उरलेल्या अर्ध्या भ्रमाची किंमत बहुधा गाडींत बसलेल्यास नव्हे, तर गाडीबाहेर चालणाऱ्यास द्यावी लागते. त्या उरलेल्या अर्ध्या भागाविषयीं चार शब्द लिहावे, असें आम्हीं योजिलें आहे.

पवित्र शास्त्रांत यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ३३ व्या अध्यायांत पहारेकऱ्याचा दृष्टान्त आहे. संकट येतांना पाहूनहि ज्या पहारेकऱ्यानें शिंग फुंकलें नाहीं, त्याच्यावर नगरवासीयांच्या जीवाचा दोष येतो. परंतु शिंगाचा नाद ऐकूनहि जो सावध झाला नाहीं, त्याचा दोष त्याच्याच माथीं राहतो. म्हणजे इशारा देणारा आणि इशारा ऐकणारा, असे जबाबदारीचे दोन वांटेकरी झाले. मोटारींतील इशारा देणाऱ्या यंत्राकडे पाहिलें असतां आमच्या मनांत एक तिसरा प्रश्न उभा राहतो. जें संकट पहारेकऱ्यास दिसलेंच नाहीं, त्याचें काय? शिंग वाजलें नाहीं, एवढ्यावरून वैरी आला नाहीं असें समजावें काय?

या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं हा पहारेकरी पाहतो कसा, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. वस्तुतः तो एक नसून तिघे आहेत. पहिल्याचें काम कानाचें आहे. गाडीच्या मागील बंपरांत बटणासारखीं जीं लहान यंत्रें असतात, तीं मनुष्यास ऐकूं न येणारा सूक्ष्म ध्वनि सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनि किती वेळानें परत आला, यावरून अंतर ताडतात. वटवाघूळ अंधारांत आपली वाट अशीच शोधतें. भारतांत १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींस गाडी मागें घेतांना इशारा देणारें हें साधन सक्तीचें झालें आहे. दुसरा पहारेकरी रडार. तो रेडिओलहरी पुढें पाठवितो आणि वस्तूवरून आपटून परत आलेल्या लहरींच्या कंपनसंख्येंत पडलेल्या फरकावरून ती वस्तु किती वेगानें जवळ येत आहे, हें जाणतो. आगगाडी शिटी वाजवीत आपल्याजवळून जाते तेव्हां शिटीचा स्वर बदललेला वाटतो. वरच्या वर्गांतील विद्यार्थी ज्यास डॉप्लरचा नियम म्हणून शिकतात, तोच हा नियम. तिसरा पहारेकरी कॅमेरा. तो पुढील कांचेच्या आंत, आरशाजवळ बसतो. त्यानें टिपलेलें चित्र गाडींतील संगणक न्याहाळतो आणि पूर्वीं शिकविलेल्या हजारों चित्रांच्या आधारें "ही मोटार", "हा मनुष्य", "ही दुचाकी" असा निर्णय देतो.

तिघेहि कामाचे आहेत आणि तिघांसहि आपापलें व्यंग आहे. ध्वनीचें यंत्र थोड्याच मीटरांपर्यंत ऐकतें. मऊ कापडावरून ध्वनि नीट परत येत नाहीं. शिवाय बंपराच्या खालीं, अगदीं जमिनीलगत असलेली वस्तु त्याच्या टप्प्यांतून निसटूं शकते. अंगणांत गाडीच्या मागें बसून गोट्या खेळणारें लहान मूल हें तशाच वस्तूंपैकीं एक आहे, हें सांगतांना आमचा हात थबकतो. परंतु तें सांगितलेंच पाहिजे. रडार धुक्यांत व अंधारांतहि काम करतें खरें, परंतु धातूच्या मोटारीवरून त्याच्या लहरी जितक्या जोरानें परततात तितक्या मनुष्याच्या, जनावराच्या किंवा लांकडी गाडीच्या अंगावरून परतत नाहींत. कॅमेऱ्याचें दुःख आपल्या डोळ्यांसारखेंच आहे. मावळता सूर्य समोर आला कीं तो दिपतो, रात्रीं त्यास अंधुक दिसतें आणि पावसाळ्यांत आमच्या काळ्या मातीचा चिखल कांचेवर उडाला कीं तो आंधळा होतो. आपण निदान डोळे चोळतों. त्याचे डोळे दुसऱ्या कोणीं पुसावे लागतात.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट सर्वांनीं ऐकली आहे. मेंढपाळाच्या पोरानें खोटी आरोळी ठोकून ठोकून गांवकऱ्यांचा विश्वास घालविला आणि लांडगा खरोखर आला तेव्हां कोणी धांवलें नाहीं. मोटारीचें यंत्र घडविणाऱ्यांपुढें हाच पेंच असतो. पूल, कठडे, मैलाचे दगड, पाट्या या सर्वांवरून रडारच्या लहरी परत येतात. अशा प्रत्येक स्थिर वस्तूस पाहून यंत्र ओरडूं लागलें, तर चालक दोन दिवसांत तें बंद करून टाकील. म्हणून पुष्कळ यंत्रांत स्थिर वस्तूंच्या खुणांस कमी महत्त्व देण्याची योजना केलेली असते. खोटा इशारा कमी करावा तर खरा इशारा हुकण्याचा संभव वाढतो. एकहि खरा इशारा हुकूं नये असें म्हणावें तर खोट्या आरोळ्या वाढतात. दोन्ही दोष एकदम शून्यावर आणणारें यंत्र अद्याप झालेलें नाहीं. यामुळें पुढें चालणाऱ्या मोटारीस चटकन् ओळखणारा पहारेकरी वाटेंत उभ्या राहिलेल्या वाहनाविषयीं कधीं उशिरां बोलतो, तर कधीं मुळींच बोलत नाहीं. मोटारीबरोबर जें माहितीपुस्तक मिळतें, त्यांत अशा मर्यादा बहुधा छापलेल्या असतात. परंतु तें पुस्तक पुष्कळ घरीं प्लॅस्टिकच्या पिशवींतून बाहेरच निघत नाहीं.

कॅमेऱ्याच्या शिक्षणाचाहि विचार केला पाहिजे. विद्यार्थी जसा पाठ्यपुस्तकांतील उदाहरणें पाहून शिकतो, तसा हा संगणक चित्रें पाहून शिकतो; आणि जें पुस्तकांत नाहीं, तें परीक्षेंत आलें कीं त्याचीहि गाळण उडते. रस्त्यांवरील दृश्यें ओळखावयास शिकविण्यासाठीं जगभर वापरला गेलेला एक प्रसिद्ध चित्रसंग्रह २०१६ सालीं तयार झाला. तो ५० शहरांतील आहे आणि तीं शहरें मुख्यतः जर्मनींतील आहेत. तेथें रस्त्यावर बैलगाडी नाहीं, रिक्षा नाहीं, दुभाजकावर रवंथ करीत बसलेली गाय नाहीं. ही उणीव ओळखून हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं पुढें भारतीय रस्त्यांचा निराळा संग्रह केला. त्यांत १८२ प्रवासांतून घेतलेलीं १०,००० हून अधिक चित्रें असून वस्तूंचे ३४ वर्ग पाडलेले आहेत. रिक्षा व जनावरें यांसहि त्यांत स्थान मिळालें आहे. हें काम फार मोलाचें आहे. तरीपण तीं चित्रेंहि मुख्यतः हैदराबाद व बंगळूर या महानगरांच्या आसपासचीं आहेत. सेनगांव किंवा औंढ्याच्या वाटेवरील रात्र या पहारेकऱ्यास अजून पुरती शिकविली गेली आहे, असें समजण्यास आधार नाहीं.

तशी एखादी रात्र वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावी. थंडीचे दिवस आहेत. वसमतच्या बाजूस ऊंस नेणारा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह रस्त्याच्या कडेस अर्धामुर्धा उभा आहे, कारण चाक फुटलें आहे. मागील तांबडा दिवा एक तर नाहीं, किंवा लोंबणाऱ्या वाढ्यांनीं झांकून गेला आहे. थोडें पुढें हळदीचीं पोतीं भरलेली बैलगाडी चालली आहे. तिच्या पलीकडे कामावरून घराकडे परतणाऱ्या चार बायका काळसर घोंगड्या पांघरून कडेकडेनें जात आहेत, आणि आखाड्यावरून सुटलेलें एक वासरूं रस्ता ओलांडण्याच्या बेतांत आहे. यंत्रास ओळखण्यास जें जें कठीण, तें तें सर्व येथें एकाच फर्लांगांत उभें आहे: स्थिर वाहन, भलत्याच आकाराची मागची बाजू, लांकडी गाडी, काळोखांतील मनुष्य आणि जनावर. आणि चालक निश्चिंत आहे, कारण यंत्र ओरडलेलें नाहीं.

येथें थोडें गणित करूं. ताशीं ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारे २२ मीटर जाते. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, असें धरल्यास ३३ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावरहि गाडी थांबण्यास आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. एकूण ६८ मीटर झाले. परंतु खालीं वळविलेल्या दिव्यांचा उपयोगी उजेड बहुधा ५०-६० मीटरांपुढें फारसा पोंचत नाहीं. म्हणजे जें दिसलें त्यापाशीं गाडी थांबणें शक्यच नव्हतें. हाच वेग ताशीं ६० ठेवला, तर तेवढ्याच दीड सेकंदांत २५ मीटर आणि ब्रेकचे सुमारे २० मीटर, असे मिळून ४५ मीटर होतात; गाडी उजेडाच्या आंत थांबते. कोणत्याहि किमती यंत्रानें जें साधलें नसतें, तें वेगमापकाचा कांटा थोडा खालीं आणल्यानें साधलें.

आमचें म्हणणें केवळ भीतीपोटीं आहे, असें कोणास वाटूं नये. ज्या देशांत हीं यंत्रें प्रथम पसरलीं, तेथील अनुभव तसाच आहे. ७ मे २०१६ रोजीं अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थानांत स्वयंचलित साह्यावर सोंपविलेली एक टेस्ला मोटार रस्ता ओलांडणाऱ्या मालट्रकच्या कुशींत शिरली व आंतील मनुष्य मरण पावला. लख्ख आकाशापुढें ट्रकची पांढरी बाजू यंत्रासहि दिसली नाहीं आणि मनुष्यासहि दिसली नाहीं. आडव्या जाणाऱ्या वाहनास ओळखण्यासाठीं त्या वेळचीं यंत्रें घडविलेलींच नव्हतीं, असें चौकशींत निघालें. आणि मालट्रकच्या चालकाच्या चुकीबरोबरच मोटारचालकानें यंत्रावर ठेवलेला फाजील विसंबहि त्या अपघाताच्या कारणांत गणला गेला. १८ मार्च २०१८ रोजीं ॲरिझोना संस्थानांतील टेंपी येथें आपोआप चालणाऱ्या मोटारीच्या प्रयोगांत, रात्रीं सायकल हातीं धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री प्राणांस मुकली. यंत्राला तिची चाहूल धडकेच्या पांच सेकंदांहून अधिक आधीं लागली होती. परंतु तें तिला कधीं वाहन, कधीं अन्य वस्तु, तर कधीं सायकल समजत राहिलें. देखरेखीसाठीं बसविलेल्या व्यक्तीचे डोळे मोबाइलवर होते. २०१९ सालीं अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननें अशा मोटारींची परीक्षा घेतली, तेव्हां उभ्या मोटारींच्या मधून अचानक धांवत आलेल्या बालकाच्या पुतळ्यास, ताशीं केवळ ३२ किलोमीटर वेग असूनहि, १०० पैकीं ८९ वेळां धडक बसली. आणि रात्रीच्या काळोखांत तर पादचारी ओळखण्याचें काम तीं यंत्रें करूंच शकलीं नाहींत.

तरीपण या दाखल्यांवरून यंत्र टाकून द्यावें, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. अमेरिकेंत विमा कंपन्यांच्या साह्यानें चालणाऱ्या महामार्ग-सुरक्षा संस्थेनें असें दाखविलें आहे कीं, केवळ इशारा देणाऱ्या यंत्रानें पुढील वाहनास मागून धडकण्याचे प्रसंग सुमारे २७ टक्क्यांनीं कमी झाले, आणि इशाऱ्याबरोबर आपोआप ब्रेक लावणारें यंत्र असल्यास ते सुमारे निम्म्यावर आले. आपल्या महाराष्ट्रांत नागपूर येथें २०२१ पासून महानगरपालिकेच्या बसगाड्यांत असे इशारायंत्र बसवून, धोक्याचीं ठिकाणें शोधण्याचा उपक्रम हातीं घेण्यांत आला. तेथें यंत्राचा इशारा चालकाच्या कानीं पडून विरून जात नाहीं; वारंवार इशारा होणारी जागा नकाशावर येते आणि तो रस्ताच सुधारतां येतो. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्यानेंहि २०२५ मध्यें मोठ्या प्रवासी व मालवाहू वाहनांसाठीं अशीं साधनें सक्तीचीं करण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. पहारेकरी असावाच, याविषयीं आमचें दुमत नाहीं. पहारेकरी ठेवला म्हणून घरच्या सर्वांनीं झोपीं जावें, यास मात्र आमचा विरोध आहे.

यंत्राची साक्ष कशी घ्यावी, याचा धडा आतां आमच्याच जिल्ह्यांत मिळणार आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथें गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हावयाची आहे; एप्रिल २०२३ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें तिच्यासाठीं २,६०० कोटि रुपयांस मंजुरी दिली. तिच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांत अणुगर्भांतील प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहूनहि लहान फरक ओळखावयाचा आहे. एवढें तीक्ष्ण यंत्र लांबून जाणाऱ्या वाहनाच्या हादऱ्यानेंहि फसूं शकतें, म्हणून त्यासाठीं शांत जागा शोधावी लागली. अमेरिकेंतील अशाच दोन वेधशाळांस १४ सप्टेंबर २०१५ रोजीं पहिली गुरुत्वलहर जाणवली. एकीची साक्ष दुसरीनें दिली. तरीहि शास्त्रज्ञांनीं तपासणींत जवळजवळ पांच महिने घालविले आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं ती वार्ता जगास सांगितली. जगांतील अत्यंत तीक्ष्ण यंत्राच्या शब्दावरहि शहाणीं माणसें दुसऱ्या साक्षीवांचून विश्वास ठेवीत नाहींत. मोटारींतील बिचाऱ्या यंत्रास तर शांत जागा नाहीं आणि पांच महिनेहि नाहींत. त्यास गजबजलेल्या रस्त्यावर दोन-तीन सेकंदांत निवाडा करावयाचा असतो. त्याचा दुसरा साक्षीदार कोण? चालकाचे डोळे, याखेरीज दुसरा नाहीं.

आणि आमच्या मतें या सर्व विषयाचें मर्म पुढेंच आहे. इशारा वाजतो तो गाडीच्या आंत. धोका असतो तो गाडीच्या बाहेर. ज्याच्यापाशीं मोटार घेण्याइतका पैसा आहे, त्यास पहारेकरी मिळाला, हवेच्या पिशव्या मिळाल्या, पोलादी पिंजरा मिळाला. जी मजूर बाई पायीं चालली आहे, तिच्या कानाशीं कोणतेंहि शिंग वाजत नाहीं. गाडीच्या यंत्रास जें सर्वांत कमी दिसतें, तेंच आपल्या रस्त्यावर सर्वांत निराधार आहे. म्हणून यंत्राची मर्यादा हा केवळ यंत्रशास्त्राचा प्रश्न नसून नीतीचाहि प्रश्न आहे. आपला शेजारी कोण, असा प्रश्न एका शास्त्र्यानें प्रभु येशूस केला, तेव्हां उत्तरादाखल रस्त्याच्या कडेस पडलेल्या एका वाटसरूचीच गोष्ट त्यास ऐकावी लागली. आजच्या रस्त्यावर तो शेजारी बहुधा मोटारीच्या पुढें, अंधारांत चालत असतो.

म्हणून पालकांस आमची नम्र विनंति आहे. आपल्या गाडीचें माहितीपुस्तक एकदां तरी उघडून यंत्राच्या मर्यादांचें प्रकरण मुलांबरोबर वाचा. कांच व यंत्रांवरील चिखल पुसल्यावांचून पावसाळ्यांत निघूं नका. गाडी मागें घेण्यापूर्वीं, मग सेन्सर असो वा नसो, खालीं उतरून तिच्याभोंवतीं एक फेरी मारा. त्या फेरीस अर्धें मिनिट लागतें. रात्रीं उजेड जेथवर पोंचतो तेथवर थांबतां येईल इतकाच वेग ठेवा. ज्यांचे ट्रॅक्टर, ट्रॉल्या व बैलगाड्या आहेत, त्यांनीं मागील बाजूस तांबड्या, चकाकणाऱ्या पट्ट्या लावाव्या, ज्यांस आपल्याकडे लोक 'रेडियम' म्हणतात. वाढीं त्यांवर लोंबूं देऊं नयेत. गाडी बंद पडली, तर दूर अंतरावर मागें खूण ठेवावी. त्या पट्टीस फार खर्च नाहीं, आणि ती मनुष्याच्या डोळ्यास चटकन् दिसते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठीं काम निराळें आहे. महाशिवरात्रीस औंढ्यास किंवा एकादशीस नरसी नामदेव येथें पायीं जाणारे आपले आप्त असतील. त्यांच्या पिशवीवर, काठीवर अशी एक पट्टी तुम्हीच चिकटवूं शकाल. सायकलीच्या मागच्या चिखलरक्षकावर ती आहे कीं नाहीं, हें आजच पाहा. आणि वडील माणसें गाडी चालवीत असतां "यंत्र आहे ना?" असें म्हणून मोबाइलकडे वळलीं, तर आदरानें पण न भितां एवढेंच म्हणा, "बाबा, तें ओरडलें नाहीं म्हणून रस्ता मोकळा आहे, असें नाहीं." तुमच्यापैकीं कोणी पुढें अभियंता झाला, तर बैलगाडी ओळखणारा पहारेकरी अवश्य घडवावा, आमच्या जिल्ह्यास त्याची गरज आहे. तोंवर परमेश्वरानें प्रत्येकास दिलेले दोन डोळे रस्त्यावर ठेवणें, हेंच आपलें कर्तव्य होय.